चिखलाआड गेलेली वीस मिनिटं

रविवार, रात्री पावणेअकरा

दंड भरून आलेत, डावा गुडघा सोलवटलाय, नखांतला चिखल दोनदा आंघोळ करूनही निघालेला नाही. तरी आजच लिहायला बसलेय. उद्या ऑफिस सुरू झालं की यातलं अर्धं विसरून जाईन.

शर्यत पुण्याबाहेरच्या माळावर होती. पाच किलोमीटर, वाटेत पंधरा अडथळे. छातीवर कॅमेरा बांधून धावायचं हे मी नाव नोंदवलं त्याच दिवशी ठरवलं होतं, आणि ते बाबांसाठी. गुडघ्यांमुळे त्यांना उन्हात तासभर उभं राहवत नाही. पण नवव्या अडथळ्याला दोरी चढायची होती, आणि दोरी मला त्यांनीच शिकवली. मी आठ वर्षांची असल्यापासून शाळेच्या मैदानावर ते आम्हा मुलींकडून दोरीचा मल्लखांब करून घ्यायचे. पूर्वी हा वेतावर करत, वेत मिळेनासे झाले तशी सुती दोरी आली, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की आजही झोपेत म्हणून दाखवेन. तर ती दोरी त्यांना दाखवायची होती.

कॅमेरा कुठे बांधायचा यावर मी आठवडाभर विचार केला. गोप्रोवाल्या निक वुडमननं २००४ मध्ये विकायला काढलेला पहिला कॅमेरा मनगटावर बांधायचा होता, आत ३५ मिमीची फिल्म. लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी ते ठीक, पण भिंतीवर चढताना मनगट मोकळंच हवं. डोक्यावर बांधला तर मान वळेल तसं चित्र हेलकावतं. छातीवरून हात दिसतात, दोरी दिसते, म्हणून छाती. पाण्यात उतरण्याआधी काचेला जीभ लावायची म्हणजे थेंब साचून राहत नाहीत, हेही शिकून घेतलं होतं.

रांगायचं असतं तेव्हा छाती जमिनीला टेकते, एवढी साधी गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. तिसऱ्याच अडथळ्याला काटेरी तारांखालून कोपरांवर सरकायचं होतं. तार पाठीला लागू नये म्हणून मी अंग आणखी खाली दाबलं आणि कॅमेरा नांगराच्या फाळासारखा चिखलातून ओढत नेला. मागून माणसं येत होती. बाहेर पडून मी तशीच पळत सुटले.

घरी येऊन लॅपटॉपवर लावलं तर तिसऱ्या अडथळ्यापासून अकराव्यापर्यंत, वीस मिनिटं, पडद्यावर नुसता तपकिरी रंग. मधून मधून कडेला उजेडाची एक फट. दोरी नाही. मला रडूच आलं. बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, ‘अगं, आवाज येतोय ना? असू दे.’

मग आम्ही ते ऐकत बसलो. सुरुवातीला आवाजही बसका होता, माईकच्या भोकांत माती गेली असणार. हळूहळू मोकळा झाला. माझा श्वास, बुटांत पाणी पचपचतंय. भिंतीपाशी एक मुलगा म्हणतो, ‘ताई, माझ्या मांडीवर पाय द्या, बिनधास्त द्या.’ वरून कुणीतरी, ‘हात, हात, दुसरा हात!’ मग धप्पकन उडी. त्यानंतर एक मुलगी हुंदके देतेय, आणि तिला कुणी बाई सांगतेय, ‘खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ, एकच पाय टाक.’ दोनतीन वाक्यं झाल्यावर कळलं, ती बाई मीच. मला यातलं काहीही आठवत नाही. ती मुलगी कशी दिसत होती, तेही नाही. कॅमेरा नसता तर माझ्यापुरतं ते घडलंच नसतं.

दोरीपाशी आलो तेव्हा बाबांनी हात वर केला, बोलू नको म्हणून. दोरीचा करकर आवाज, माझा हुंकार, क्षणभर शांतता. पुन्हा करकर, हुंकार, शांतता. बाबा मांडीवर बोटं मोजत होते. शेवटी वरच्या घंटेचा टोला. ‘सात ओढींत गेलीस,’ ते म्हणाले. ‘मधे एकदाही घसरली नाहीस. घसरली असतीस तर दोरी वेगळी वाजली असती.’

अकराव्याला बर्फाच्या पाण्याच्या टाकीत डुबकी होती. तिथे काच धुतली गेली आणि चित्र परत आलं. पहिलंच स्पष्ट दिसतं ते म्हणजे टाकीच्या काठावरून माझ्याकडे आलेला एक हात, मेंदी उतरत आलेली, थंडीनं नखं निळसर. तो माझं मनगट पकडतो. चेहरा चौकटीबाहेर आहे. पुढच्या भागात बऱ्याच जणांचे चेहरे आहेत, दमलेले, कळवळलेले. ते मी कुणाला पाठवणार नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या वेळी कंबरेच्या पाऊचमध्ये झिपच्या पिशवीत कोरडं फडकं नेईन. तारांखाली शिरण्याआधी कॅमेरा पट्ट्यासकट पाठीकडे फिरवेन.

झोपायला जाताना बाबा दारात थांबले. ‘एक सांग, बूट होते ना पायात? मग दोरी अंगठ्यात कशी धरलीस?’ अंगठ्यात धरताच येत नाही म्हटलं, एका बुटाखालून घेऊन दुसऱ्या बुटानं वरून दाबायची. त्यांना ते पटेना. मग ओढणीला पीळ देऊन एक टोक त्यांच्या हातात दिलं, बूट पुन्हा चढवले, पलंगावर बसून पायात अडकवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘आता ओढ.’