नडगीपासून सुरुवात का?

तुम्ही विचारलंत म्हणून. सरावाला येणारी मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, बक्षीस समारंभाचे पाहुणे तर हमखास: 'सर, फुटबॉलचा इतिहास सांगताना चीन का गाळता?'

गाळत नाही हो. लाथेनं चेंडू मारायचा चीनचा जुना खेळ, त्सूजू, हान राजवटीत होता, सैनिकांच्या कवायतीत होता, २००४ साली फिफानंही त्याचा मान मान्य केला. पण त्या खेळातून आपला खेळ जन्मला, अशी वंशावळ मला जुळवता येत नाही.

माझी गोष्ट २६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये सुरू होते. फुटबॉलचे नियम ठरवायला क्लबांच्या सहा बैठका झाल्या आणि खरं भांडण पेटलं ते नडगीवरून. समोरच्याच्या नडगीवर लाथ घालणं, म्हणजे 'हॅकिंग', पहिल्या मसुद्यात चालत होतं. ते काढायचं ठरताच ब्लॅकहीथ क्लबचा कॅम्पबेल बिथरला: मग मर्दुमकी ती काय राहिली, आठवडाभर सराव केलेले फ्रेंचसुद्धा येऊन तुम्हाला हरवतील! क्लब बाहेर पडला, रग्बीकडं गेला. आणि १८७१ साली रग्बीवाल्यांनीही हॅकिंग बंदच केलं.

मी एकोणीसचा होतो तेव्हाची गोष्ट. कोल्हापूर, पेठेपेठेतली ईर्षा, त्यात उपांत्य सामना. त्यांचा विंगर मला दोनदा चकवून गेला. गॅलरीतून आमच्यातलाच कुणीतरी ओरडला, 'काप की त्याला लगा!' तिसऱ्यांदा तो आला तेव्हा चेंडू त्याच्यापुढं हातभर होता. वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला. त्याच्या मोज्यातून घडी घातलेलं वर्तमानपत्र बाहेर आलं. नडगीचं कवच, म्हणजे शिनगार्ड, नॉटिंगहॅमच्या विडोसननं १८७४ सालीच काढलंय म्हणतात, पण आमच्याकडं निम्मी पोरं कागदच कोंबायची.

मला पिवळं कार्ड मिळालं. तो परत खेळला नाही. मी आणखी सहा हंगाम खेळलो.

मी चेंडूवरच गेलो होतो, असं तीस वर्षं सांगतोय. सांगताना खरंही वाटतं. पण चेंडू हातभर पुढं होता, हे वर मीच लिहिलंय. त्या वयात कॅम्पबेलचं म्हणणं मला सोळा आणे पटलं असतं. आता पोरांना पहिल्या दिवशी नडगी दाखवतो, मग नियम, चीन जमलं तर.

सामन्याला गेलो की गॅलरीतून 'काप' ऐकू येतंच. ओरडणारा दुसऱ्या पेठेचा असला तर मी उठून झापतो. आमचा असला तर अजून तोंड उघडत नाही.