सोनौलीच्या पलीकडे

आज दादरला घरी गाडी रिकामी करताना डॅशबोर्डच्या कप्प्यात, घड्या पडून मऊ झालेली आरसीची झेरॉक्स सापडली आणि भारत-नेपाळ सीमेवरच्या सोनौलीच्या नाक्यावरची सकाळ पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली.

स्वतःच्या गाडीने नेपाळला जाणार म्हटले की लोक आधी व्हिसाचे विचारतात. भारतीय नागरिकाला तो लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. खरी कागदपत्रे लागतात ती गाडीची. सीमेवरची कमान ओलांडून नेपाळच्या बाजूच्या बेलहियाला पोहोचले की भन्सार, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क कार्यालय, लागते. तेथे आरसी आणि लायसन्स दाखवून, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क नेपाळी रुपयांत भरावे लागते आणि ती पावती देशाबाहेर पडेपर्यंत जिवापाड जपावी लागते. मी चार दिवसांचे पैसे मोजत होतो, तेव्हा खिडकीमागच्या गृहस्थांनी, मुदत उलटली तर दंड बसेल, एक दिवस जास्तीचा घ्या, असे सुचवले. पोखऱ्याहून परतताना दरडीमुळे रस्ता अडला, तेव्हा त्यांचे म्हणणे पुरते पटले. गाडी बाबांच्या नावावर असल्याने त्यांचे संमतीपत्र नेले होते, आणि नेमके तेच आधी मागितले गेले.

शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर १९९३ पासून स्थिर असल्याने हिशेब तोंडी जमतो. घड्याळ मात्र १५ मिनिटे पुढे करावे लागते. आईच्या मनगटावर आज दुपारीसुद्धा नेपाळचीच वेळ होती.