शुगर निघाली, आता मनाचं काय?

"रिपोर्ट आल्यावर तुम्ही मन कसं सावरलंत?" नुकताच मधुमेह निघालेली माणसं मला हे विचारतात. कधी त्यांच्या बायका, नवरे, मुलं विचारतात. प्रश्नात एक गृहीत असतं, की कुठल्यातरी दिवशी मन सावरलं आणि विषय मिटला. माझा तरी मिटलेला नाही. आटोक्यात आहे, एवढंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सुरुवातीला भीती वाटली नाही, रागही आला नाही. खोटंच वाटलं. टाइप २ मधुमेहात बहुतेकदा काही दुखत-खुपत नसतं. उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा त्याहून जास्त, एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त, अशा कागदावरच्या आकड्यांवरून स्वतःला आजारी मानायचं असतं. पुन्हा तपासून घ्यावंसं वाटतं. जरूर घ्या, लक्षणं नसतील तर डॉक्टरही एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत. पण तिसऱ्या, चौथ्या लॅबच्या पायऱ्या चढायला लागलात, तर शोध शुगरचा राहिलेला नाही हे ओळखा.

मग सुरू होते आरोपीची शोधाशोध. तो फार लांब नसतो, आरशातच सापडतो. मला विचाराल तर या आजारात मनाला सगळ्यात जास्त पोखरतो तो हा अपराधीपणा. इतर बऱ्याच आजारांत लोक आधी विचारपूस करतात, इथे पहिलं वाक्य असतं, "गोड फार खायचात का?" पाठोपाठ, "आता तरी स्वतःकडे लक्ष द्या." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेच रात्रभर फिरत राहतं.

मला आधार मिळाला तो आजार समजून घेण्यातून. धीराच्या शब्दांनी तेवढं झालं नाही. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस या अभ्यासातून असं दिसलं, की टाइप २ चं निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम साधारण निम्म्यावर आलेलं असतं. म्हणजे गाडी कित्येक वर्षं आधीच निघालेली असते. गेल्या महिन्यातल्या कुठल्या जेवणावर खापर फोडणार? वजनाचा, बैठ्या कामाचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. पण आनुवंशिकतेचाही मोठा आहे, आणि तसंच जगणाऱ्या कितीतरी जणांना मधुमेह होत नाही. टाइप १ मध्ये तर शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पेशी नष्ट करते. मुलाला टाइप १ निघाल्यावर "आपण लाड करून गोड दिलं म्हणून" असं मनात घेऊन बसलेल्या आईबापांनी हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं. तिथे गोडाचा संबंधच नसतो.

दुसरा त्रास आकड्यांचा. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसीमध्ये गेल्या दोन-तीन महिन्यांची शुगर उमटते. दर काही महिन्यांनी शाळेचं प्रगतिपुस्तक हातात पडावं तसा तो कागद येतो, आणि तपासणीच्या आधीचा आठवडा घरात माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. (शहाणी माणसं आहेत.) आकडा बिघडला की "मी कुठे कमी पडले?" हा प्रश्न उसळतोच. त्याच्या जागी मी डॉक्टरांना विचारते, "या आकड्यावरून आता काय बदलायचं?" याचं उत्तर तरी मिळतं. शिवाय शुगर फक्त खाण्याने वाढत नाही. ताप, जागरण, भांडण, काळजी यांतही कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनालिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं. म्हणजे शुगरची काळजी करकरूनही शुगर वाढू शकते. हे कळल्यावर मला आधी हसू आलं.

उलटंही होतं. इन्सुलिन किंवा शुगर फार खाली आणू शकणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर हात थरथरणं, घाम, धडधड ही निव्वळ घबराट समजू नका. आधी ग्लुकोमीटर काढा. ७० च्या खाली असेल तर त्या क्षणी साखर हेच औषध. मन शांत करण्याचे उपाय नंतर.

रोज गोळ्या, टोचणं, मोजणं, पथ्य, आणि याला सुट्टी नाही. याचा जो वीट येतो त्याला वैद्यकात 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. १९९५ मध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी तो मोजायला वीस प्रश्नांची प्रश्नावलीच प्रसिद्ध केली. ती वाचून हायसं वाटलं होतं. आपली चिडचिड इतकी जुनी आणि ओळखीची आहे तर! नैराश्य मात्र वेगळं. हा वीट आजारापुरता असतो; नैराश्यात कशातच रस उरत नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त आढळतं. दोन आठवडे असं मळभ राहिलं, झोप-भूक बिघडली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर शुगरच्या डॉक्टरांना तेही सांगा. जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की बरेच जण खचतात, "म्हणजे मी हरलो" म्हणतात. यूकेपीडीएसमध्येच दिसलं होतं, की औषधोपचार चालू असतानाही वर्षांगणिक इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम कमी होत जातं. पथ्य सांभाळणाऱ्यालाही पुढे औषध वाढवावं लागू शकतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या मधुमेह असलेल्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं, त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. त्या सुईकडे हार म्हणून बघणं मला जमत नाही.

घरच्यांना एकच सांगणं आहे. "हे चालतं का तुला?" असं चारचौघांत विचारू नका. फिरायला निघाल्यावर चपला घालून बरोबर या. ते मला जास्त उपयोगी पडलं.

आणि सगळ्यांना सांगायचं का? तो तुमचा प्रश्न. मी बरेच दिवस मोजक्यांनाच सांगितलं होतं. मात्र शुगर खाली जाण्याची शक्यता असेल, तर कामाच्या ठिकाणी निदान एकाला तरी ठाऊक हवं, की तुम्ही असंबद्ध बोलू लागलात तर काय द्यायचं, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता लगेच वैद्यकीय मदत बोलवायची.