चवथीच्या आधीचा हात

गेल्या फेब्रुवारीपासून रात्री तीनच्या सुमाराला जाग यायची. दोन्ही हातांना मुंग्या, उजव्याला जास्त. उठून हात झटकायचे, बाल्कनीत दोन फेऱ्या मारायच्या, मग परत आडवं व्हायचं. मी फोंड्यात बावीस वर्षं ब्लाऊज शिवते. दिवसा सुईत दोरा ओवतानाही बोटांना सुई जाणवेनाशी झाली, तेव्हा घाबरले.

एका दवाखान्यात मानेचं दुखणं आहे असं सांगून तीन महिने बी-व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. काडीचा फरक पडला नाही, आणि ते तीन महिने गेले याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "करंगळीलाही मुंग्या येतात?" करंगळी ठणठणीत होती. मनगटातून जी नस दबते ती अंगठा, त्यापुढची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. करंगळीची नस वेगळी. नसेची तपासणी झाली आणि कार्पल टनेलच निघालं, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबणं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा अजून झिजलेला नव्हता, म्हणून ऑपरेशनची घाई नको म्हणाले. तो झिजला असता किंवा बोटं चोवीस तास बधिर असती, तर मात्र थांबायचं नसतं.

मग रात्री झोपताना मनगटाला बांधायचा पट्टा. मेडिकलमधून आणलेल्या पट्ट्यातली धातूची पट्टी मनगट मागे वाकवणारी होती. डॉक्टरांनी ती बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली आणि परत आत सरकवली. मनगट पुढे वाकलं किंवा मागे वाकलं, तरी आतली जागा आवळते. ते सरळ राहिलं पाहिजे. तुम्ही पट्टा घेतला असेल तर ही पट्टी आजच तपासा. सहा आठवडे रोज रात्री बांधला. डावा हात शांत झाला. उजवा अर्धाच.

जुलै उजाडला. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा महिना म्हणजे आमची खरी कमाई, नव्या साडीवरचा ब्लाऊज कुणाला उशिरा चालत नाही. म्हणून उजव्या मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. चौथ्या रात्री सलग झोपले, सकाळी रडूच आलं. चवथ पार पडली, घरच्या नेवऱ्यासुद्धा (करंज्या) मीच लाटल्या. नाताळाच्या सुमाराला मुंग्या परतल्या, पूर्वीपेक्षा कमी.

रात्रीचा पट्टा की इंजेक्शन, नेमकी हीच तुलना इंग्लंडमध्ये 234 रुग्णांवर झाली होती, 2018 साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पट्टेवाल्यांपेक्षा बरे होते, सहा महिन्यांनी दोघांत फारसा फरक उरला नाही. माझ्या हाताचा हिशेब जवळपास तोच. म्हणून माझं मत असं: हातात वेळ असेल तर आधी पट्टा, नेमाने, झोपच उडाली असेल किंवा कामाचा मोसम तोंडावर असेल तर इंजेक्शन. नणंदेला मधुमेह आहे, तिला डॉक्टरांनी बजावलं होतं की इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, रोज तपासा.

बोटांचे व्यायाम करते, बरं वाटतं, पण मुंग्या त्यांनी गेल्या असं मी म्हणणार नाही. दुखणं दाबणाऱ्या गोळ्यांनी तर काहीच झालं नाही. कात्री बदलल्याचा मात्र दिवसा फायदा झाला: हलकी, नीट धार लावलेली, अंगठ्याला रुतत नाही.

पुढच्या आठवड्यात नसेची तपासणी पुन्हा आहे. तोवर उजव्या हाताला रोज रात्री पट्टा.