हिल्डेगार्ड आजींचं नाव

आज १७ सप्टेंबर, शेजारच्या हिल्डेगार्ड आजींचा नामदिन. इथे जर्मनीत कॅथलिक घरांत ज्या संताचं नाव ठेवलं, त्याचा दिवसही साजरा करतात. मी शिऱ्याचा डबा घेऊन गेले. आजींनी एक चमचा खाल्ला आणि डोळे मिटून वेलचीचा वास घेत बसल्या.

मग नावाचा विषय निघाला. 'हिल्ड' म्हणजे लढाई, 'गार्ड' म्हणजे कुंपण घालून राखलेली जागा. हा 'गार्ड' आणि संस्कृत 'गृह' एकाच मुळातले, म्हणजे आपलं 'घर'सुद्धा! मी कागदावर 'घर' लिहून दाखवलं. आजींनी ते थरथरत्या बोटाने दोनदा गिरवलं.

बिंगेनची संत हिल्डेगार्ड ११७९ साली याच तारखेला गेली. तिने गाणी रचली, औषधी वनस्पतींवर लिहिलं, सम्राट बार्बारोसाला पत्रातून खडसावलं. बाराव्या शतकातली बाई! चर्चने तिला 'डॉक्टर ऑफ द चर्च', म्हणजे धर्माची थोर शिक्षिका, हा मान दिला तो थेट २०१२ मध्ये. फार उशीर केला, असं मला मनापासून वाटतं.

आता बाळांना हे नाव क्वचितच ठेवतात. आजी म्हणाल्या, त्यांच्या वर्गात तिघी हिल्डेगार्ड होत्या, आणि बाईंनी हाक मारली की तिघीही उठायच्या.