लिहिणारा आणि खुर्च्या मोजणारा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या वर्गमित्रानं बजावलं होतं, "इतकी वर्षं दक्षिण आफ्रिकेत आहेस, तिकडचं काहीतरी लिही. पण सिंह-गेंडे नकोत, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेत." छडी, घंटा आणि सहल यांवर बाकीचे लिहितीलच. मी एका नाटकवाल्याबद्दल लिहितो.

पीटर फूरी. आफ्रिकान्स या दक्षिण आफ्रिकेतल्या, डचपासून घडलेल्या भाषेतले नाटककार, आणि जोडीला नाट्यसंस्थेचा कारभार हाकणारा माणूस. मला ते जवळचे वाटायचं कारण मात्र आपल्या शाळेतलं आहे. आपले नाटकाचे सर! माझ्या आगेमागे असलेल्यांना नाव सांगायची गरज नाही. संमेलनाचं नाटक सर स्वतः लिहायचे, स्वतः बसवायचे. सांगलीहून भाड्याचे पडदे एसटीच्या टपावर टाकून आणणं, मांडववाल्याशी घासाघीस, घरोघरच्या सतरंज्या गोळा करणं, हेही तेच. सरपंचांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि त्यांच्या विरोधकांनाही पहिल्याच रांगेत, पण दुसऱ्या टोकाला. हे नेपथ्य तर खास सरांचं. नाटक पडलं तर लेखकानं व्यवस्थेवर आणि व्यवस्थेनं लेखकावर ढकलायची सोयच नव्हती.

आपल्याकडे नाटककाराला हार घालतात आणि व्यवस्थापकाला शिव्या. वास्तविक मराठी रंगभूमी उभी केली ती दोन्ही कामं एका हातानं करणाऱ्यांनीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. आख्यानं रचणारे ते आणि मंडळी घेऊन गावोगाव फिरणारेही तेच. अण्णासाहेब किर्लोस्कर तसेच, पुढे मो. ग. रांगणेकर तसेच. फूरी याच जातकुळीतले. फक्त त्यांच्या वाट्याला आलेला मालक अवघड होता. तो मालक म्हणजे वर्णभेदी सरकार.

१९६३ मध्ये तिथल्या सरकारनं प्रांतवार चार कला मंडळं काढली. केप प्रांताच्या मंडळाला कॅपॅब म्हणायचे. नाटक, ऑपेरा, बॅले सगळं त्यात. पगारी नटसंच, स्वतःचा शिवणविभाग, नेपथ्याची कार्यशाळा आणि लहान गावांचे दौरे. (पगारी नट! आपल्या हौशी मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) १९७१ मध्ये केपटाउनला निको मलान नाट्यगृह उघडलं, प्रचंड, झगझगीत आणि फक्त गोऱ्यांसाठी. निषेध झाले, बहिष्कार झाला, आणि १९७५ मध्ये दारं सगळ्यांना खुली झाली. आज त्याच वास्तूचं नाव आर्टस्केप आहे. या कॅपॅबच्या नाट्यविभागाचं प्रमुखपद फूरींनी सांभाळलं. म्हणजे नटांचे करार, दौऱ्याच्या तारखा, कुठलं नाटक घ्यायचं आणि कुठलं घेतलं तर वरून फोन येईल, हे सगळं त्यांच्या टेबलावर.

फोन येण्याची भीती उगाच नव्हती. आफ्रिकान्स नाटककार बार्थो स्मिट यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या 'पुट्सोन्डरवाटर' या नाटकाला या सरकारी मंडळांनी वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही. त्याचा पहिला प्रयोग बेल्जियममध्ये झाला. अशा वातावरणात पगार घेणाऱ्यानं गुपचूप विनोदी नाटकं लिहून निवृत्त व्हावं. फूरींनी १९७६ मध्ये लिहिलं 'डी जॉइनर'. बोअर म्हणजे तिथले डच वंशाचे गोरे शेतकरी, आफ्रिकानेरही तेच. बोअर युद्धात (१८९९–१९०२) इंग्रजांना जाऊन मिळालेल्या बोअरांना जॉइनर म्हणत. त्या युद्धात इंग्रजांच्या छावण्यांमध्ये २६ हजारांवर बोअर बायका-मुलं मेली, तेव्हा फितूर झालेल्या माणसाचं नाव पुढच्या पिढ्या घरात काय सुरात घेत असतील हे आपल्याला सांगायला नको. सूर्याजी पिसाळ आपल्यालाही ठाऊक आहे. सगळ्या आफ्रिकानेरांनी एका रांगेत उभं राहावं अशी सरकारची अपेक्षा असताना हा गृहस्थ रांग सोडून गेलेल्या माणसाकडे बोट दाखवून विचारतो, हा कोण होता, सांगा बघू.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर शाळेच्या स्मरणिकेत आफ्रिकान्स नाटकाचं कौतुक करायला माझी लेखणी धजणार नाही. त्याच वर्षी, १६ जून १९७६ ला, सोवेटोमधली शाळकरी पोरं रस्त्यावर आली. गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून शिकण्याची सक्ती त्यांच्यावर झाली होती. पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आपण आठवी-नववीत ज्या वयाचे होतो, त्या वयाची ती पोरं. तिथल्या कित्येकांच्या कानाला ही भाषा आजही पोलीस चौकीची वाटते.

आणि तरीही ती फक्त गोऱ्यांची भाषा नाही. ती घरात बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा मिश्रवंशीय लोक जास्त आहेत. १९व्या शतकात केपमधले मुसलमान ती अरबी लिपीत लिहीत. या भाषेतल्या सर्वांत मोठ्या नाटकांपैकी एक, १९६५ चं 'काना ही को हेस्टू', अ‍ॅडम स्मॉल या मिश्रवंशीय कवीनं लिहिलं. भाषेतला मानाचा हर्ट्झोग पुरस्कार त्यांना मिळाला तो २०१२ मध्ये! फूरींना तो २००३ मध्ये मिळाला होता. या दोन तारखांकडे बघून काय ते समजावं.

बेलव्हिलला, केपटाउनच्या आफ्रिकान्स बोलणाऱ्या उपनगरात, आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. तिकडे वयानं मोठ्या बाईला 'तानी' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. फूरींचं पुस्तक माझ्या हातात पहिल्यांदा ठेवलं ते या तानींनी. त्यांचं मत परखड होतं: सरकारचा पगार घ्यायचा आणि सरकारला टोचायचं, हे दोन दगडांवर पाय ठेवणं. जोहान्सबर्गचं मार्केट थिएटर १९७६ मध्येच सुरू झालं, सरकारी पैशाशिवाय, सर्व वर्णांच्या नटांना आणि प्रेक्षकांना घेऊन. खरी हिंमत ती. यातलं हिंमतीबद्दलचं मला मान्य आहे. पण ज्या माणसांनी हे सरकार निवडून दिलं होतं ती मार्केट थिएटरला कशाला जातील? ती जायची निको मलानला, कोट घालून. त्यांच्याच पैशानं, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच समोर त्यांचं घर उघडं करायचं, तर कुणीतरी त्या इमारतीत नोकरीला असणं भाग होतं. तानींना हे पटलं नाही. आमचा वाद दर ख्रिसमसला नव्यानं व्हायचा.

८०च्या दशकातली फूरींची दोन नाटकं मला अधिक मोलाची वाटतात. 'एक, आना फान वेक' म्हणजे 'मी, आना फान वेक'. शेतकरी घरातल्या पुरुषांच्या राज्यात दबलेली बाई स्वतःची कैफियत नाटकातच मांडते. दुसरं 'डी कोखलार'. कारूचा उजाड मुलूख, दुष्काळ, मेंढ्या आणि देवाशी उभा दावा मांडणारा शेतकरी. कारू पाहिला तेव्हा मी गाडी थांबवून खाली उतरलो होतो. खुरटी झुडपं, पाणी उपसणारी लोखंडी पवनचक्की, नजर पोचेल तिथवर मेंढरं. जतच्या पुढं गेल्यासारखंच. पाऊस हुकला की आरेवाडीच्या बिरोबाला उघड्यावर शिव्या घालणारे म्हातारे आपण पाहिलेत. त्यामुळे या नाटकातल्या माणसाची भीडभाड न ठेवणारी भाषा मला देवनिंदा वाटलीच नाही, घरची वाटली.

तरी माझ्या मते फूरींचं सर्वांत मोठं काम कागदावर नाही. १९९४ मध्ये मंडेलांचं सरकार आलं. आफ्रिकान्स आता ११ राजभाषांपैकी एक, आणि कला मंडळांची सरकारी पोसणी आटणार हे दिसत होतं. अशा वेळी, १९९५ मध्ये, ओट्सहोर्न या गावी 'क्लाइन कारू राष्ट्रीय कला महोत्सव' सुरू झाला. तो उभा करणाऱ्यांत फूरी पुढे होते, आणि सुरुवातीला त्याची सूत्रंही त्यांच्याच हाती होती. ओट्सहोर्न म्हणजे शहामृगांचं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर शहामृगाची पिसं असायची, त्या पैशातून इथं पिसांचे महाल बांधले गेले. १९१४ मध्ये बाजार कोसळला आणि महाल राहिले. नाट्यगृहांचं गाव काही हे नव्हे.

मग नाटकं करायची कुठं? शाळांमध्ये. मी गेलो त्या वर्षी एका शाळेच्या सभागृहात नाटक पाहिलं. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, घडीच्या खुर्च्या, भिंतीवर सोनेरी अक्षरांत जुन्या हुशार विद्यार्थ्यांच्या नावांचे फलक. प्रकाशयोजनेचा एक दिवा नेमका त्यातल्या एका नावावर पडत होता. बाहेर पालक आणि शिक्षिका दालचिनी-साखर भुरभुरलेले पॅनकेक विकत होत्या; गल्ला शाळेच्या निधीला. संपूर्ण गाव आठवडाभर नाट्यगृह होतं. शाळेचं सभागृह, भाड्याच्या खुर्च्या, खाण्याचे ठेले या हिशोबावर आफ्रिकान्स नाटक सरकारी छत गेल्यावर जगलं. पुढे पॉचेफस्ट्रूम, स्टेलनबोश इथेही असे महोत्सव निघाले, आणि नव्या नाटकांचे पहिले प्रयोग राजधानीऐवजी तिथे होऊ लागले.

सगळं गोडच होतं असं नाही. १९९७ च्या महोत्सवात मिरियम मकेबा ही तिथली नामवंत कृष्णवर्णीय गायिका गात असताना प्रेक्षकांतल्या काहींनी त्यांच्या दिशेनं बिअरचे डबे फेकले. दारं उघडली म्हणून आतली माणसं लगेच बदलत नाहीत.

आता 'फान से ट्रेन'. फूरींचं १९७५ चं नाटक, २०१४ मध्ये कुस रूट्स यांनी त्यावर चित्रपट केला. तो इंग्रजी उपशीर्षकांसह मिळतो. कारूतलं छोटं गाव, गावानं खुळा ठरवलेला फान, त्याला आगगाडीचं वेड, आणि त्याच्या वाट्याच्या पैशावर भल्या माणसांचे डोळे. हे पाहताना मला आपल्या तालुक्यातून धावणारी बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी आठवत होती आणि तिच्याबरोबर पळणारी आपली पोरंही. कारू काढून तिथं आपलं स्टेशन ठेवलं तर फारसं काही बदलावं लागणार नाही.

म्हणून संपादक मंडळाला एक प्रस्ताव देतो. महोत्सवी वर्षाच्या समारोपाला माजी विद्यार्थ्यांनी हे नाटक मराठीत करावं. हक्क रीतसर मागावे लागतील. तो पत्रव्यवहार आणि मानधन माझ्याकडे. रूपांतर आपल्यातल्याच कुणीतरी करावं, गावची बोली माझी आता बोथट झालीय. फानच्या भूमिकेसाठी माझ्या डोळ्यांसमोर वर्गातला एकजण आहे, तो हे वाचून चिडेल. पडदे सांगलीहूनच आणू, फक्त आता टेम्पो करू.