जिथे हशा ऐकू येत नाही

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेत छडी, घंटा आणि गृहपाठाच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. संपादक मंडळाने मला 'तुझ्या धंद्यातलं लिही' म्हणून सांगितले, म्हणून नाटकवाल्याच्या चार गोष्टी लिहितो. दर स्नेहसंमेलनात नकला करणारा एखादा मुलगा निघतोच. मग घरचे विचारतात, हा सिनेमात चालेल का? चालेलही. पण एकट्याने माईकसमोर हसवणे आणि भूमिका करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्यातल्या चांगल्या सवयीच दुसऱ्यात आडव्या येतात.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण जॉनी लिव्हर यांचे. जन्म १९५७ चा, आंध्रातला, वाढले धारावीत. शाळा सातवीपर्यंत. रस्त्यावर पेने विकताना ते सिनेनटांच्या ढंगात नाचून गिऱ्हाईक थांबवायचे. वडील हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात होते, तिथेच तेही कामाला लागले. कंपनीच्या कार्यक्रमात त्यांनी साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्यांना 'लिव्हर' करून टाकले. १९८१ मध्ये नोकरी सुटली. कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून परदेश दौरे झाले. १९८२ च्या 'दर्द का रिश्ता'मध्ये सुनील दत्त यांनी काम दिले. पण नाव घरोघरी पोचले १९९३ च्या 'बाजीगर'नंतर. मधली अकरा वर्षे लोक सांगताना गाळतात, आणि खरे शिक्षण त्यातच असते. 'बाजीगर'मधला बाबूलाल कुणाची नक्कल नाही. त्याला विसरण्याची खोड आहे आणि सगळा विनोद त्या खोडीतून निघतो. नकलाकाराला आवाज सापडला की भागते. नटाला खोड शोधावी लागते.

आधी माईकचे काम. पाच मिनिटांच्या कार्यक्रमाला लिहिलेला मजकूर साडेचारशे-पाचशे शब्दांच्या वर नको. उरलेला वेळ प्रेक्षकांच्या हशाचा. हसवणारा शब्द वाक्यात अगदी शेवटी यावा. मराठीत इथेच घोळ होतो, कारण शेवटची जागा क्रियापदाने अडवलेली असते. 'लग्नाला दोनशे माणसं आली होती आणि जेवायला चारशे माणसं आली होती' यावर कुणी हसत नाही. 'लग्नाला दोनशे माणसं आली. जेवायला चारशे.' यावर हसतात. क्रियापद गाळा, नाहीतर वाक्यात आधी आणा.

हशा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची नाही. तो अर्ध्यावर उतरला की पुढचे वाक्य टाकायचे. आधी टाकले तर ऐकू जात नाही, उशिरा टाकले तर मांडव थंड पडतो. माईक हनुवटीच्या दोन बोटे खाली धरावा. जाळीवर मूठ आवळली की आवाज घुसमटतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. मुले हे टीव्हीवरच्या गायकांचे पाहून करतात, दोष साउंडवाल्याला. देवळासमोरच्या उघड्या मांडवात आणखी एक अडचण असते: हशा वर उडून जातो, स्टेजवर परत येत नाही. नवखा घाबरतो आणि वेग वाढवतो. तिथे कानावर नाही, पुढच्या तीन रांगांच्या खांद्यांवर नजर ठेवायची.

आता हाच मुलगा कॅमेऱ्यासमोर उभा करा. दृश्य चालू असताना आवाजही टिपला जात असतो, म्हणून सेटवर कुणी हसत नाही. माणसे ओठ चावून उभी असतात. सवयीने तो वाक्य संपवून हशासाठी थांबतो, आणि संकलकाला ते भोक कापत बसावे लागते. दुसरी चूक डोळ्यांची. माईकवर प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाहायचे असते, इथे भिंगात पाहिले की दृश्य गेले. तिसरी चूक आवाजाची आणि चेहऱ्याची: शेवटच्या रांगेसाठी उचललेली भुवई क्लोजअपमध्ये कपाळाला टेकल्यासारखी दिसते.

सगळ्यांत जड जाते ती पुनरावृत्ती. आधी सगळ्यांचा मिळून शॉट, मग एकेकाचे क्लोजअप, म्हणजे तोच विनोद आठ-दहा वेळा. कप उजव्या हातात कुठल्या शब्दाला उचलला होता, तोच प्रत्येक वेळी त्याच शब्दाला उचलायचा. मध्येच सुचलेले वाक्य टाकले तर पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये ते जुळवावे लागते. समोरच्या नटालाही ठाऊक हवे. म्हणून सुचलेले आधी दिग्दर्शकाच्या कानात सांगायचे. आणि समोरचा बोलत असताना त्याचे वाक्य खायचे नाही. एकट्याने मंच गाजवलेल्याला ऐकत उभे राहणे फार अवघड जाते. त्याचे हात वळवळतात.

गोव्यात ही दोन्ही कामे एका रात्रीत शिकवणारी जागा आहे, आणि आपण मराठी नाटकवाले तिच्याकडे उगाच नाक मुरडतो: तियात्र, म्हणजे तिथले कोकणी नाटक. त्यातल्या पडद्यांमध्ये, म्हणजे प्रवेशांमध्ये, विनोदी नट कथेतले पात्र असतो; दोन पडद्यांच्या मधल्या कांताराला, म्हणजे गाण्याला, तोच एकटा पुढे येऊन थेट प्रेक्षकांशी बोलतो-गातो, आणि ते कांतार कथेच्या बाहेरचे असते. पुढचा पडदा उघडला की पुन्हा पात्र. ही अदलाबदल पाहायला एखादे तियात्र विंगेतून बघावे. जत्रेतल्या आपल्या नाटकांत उलट घडते. गाजलेला विनोदी नट टाळी आली की भूमिका सोडून लोकांशी गप्पा मारू लागतो आणि नायक तलवार धरून ताटकळतो.

म्हणून संमेलनाच्या शिक्षकांना एक सुचवतो. नकलेत पहिले बक्षीस मिळवलेल्या मुलाला पुढच्या वर्षी नकलेला घेऊच नका. नाटकात तीन वाक्यांची भूमिका द्या, अख्खा अंक स्टेजवर बसवून ठेवा, हातात सुपारी कातरायला अडकित्ता द्या. तालमीला इतर मुलांना हसायची बंदी.